फूल, दोन पाने आणि कुळाची जमीन : भाऊसाहेब बांदोडकरांविषयीच्या दोन सोयीस्कर कथा

१/ दरवर्षी १६ जानेवारी उजाडला की समाजमाध्यमांवर दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर पुन्हा खटला भरतो. गोव्याचा हा पहिला मुख्यमंत्री एका कथेत ‘गोवा महाराष्ट्राच्या पदरात टाकायला निघालेला माणूस’ असतो; दुसऱ्या कथेत तो ‘चर्च आणि कोकणीवाद्यांनी संगनमताने हरवलेला बहुजनांचा कैवारी’ असतो. एका कथेला गोव्यात टाळ्या मिळतात, दुसरीला महाराष्ट्रात. इतिहास म्हणून मात्र दोन्ही लंगड्या आहेत. हा धागा त्या दोन्ही कथांविरुद्ध आहे.

२/ दोन्ही कथांना एकच दिवस दिसतो : १६ जानेवारी १९६७, जनमत कौलाचा दिवस. त्या दिवशी गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला. त्यानंतर बरोबर ७१ दिवसांनी, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्याच्या पक्षाच्या नावातच ‘महाराष्ट्रवादी’ हा शब्द होता आणि ज्याचा मुख्य संकल्प नुकताच मतपेटीत पुरला गेला होता, त्या नेत्याला सत्ता परत कशी मिळाली? या प्रश्नाला बगल देऊन बांदोडकरांवर लिहिलेले काहीही अर्धेच राहते.

३/ उत्तर शोधायचे तर १९६१ च्या आधीच्या गोव्यात जावे लागते. पोर्तुगीज अमलाखाली गोव्याचे दोन वेगवेगळे प्रदेश घडले. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या ‘जुन्या काबिजादी’ सोळाव्या शतकापासून त्यांच्याकडे होत्या. ख्रिस्तीकरण, चर्च आणि युरोपीय शिक्षण यांचा ठसा तेथे खोल उमटला. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या ‘नव्या काबिजादी’ अठराव्या शतकात आल्या. तेथे बहुसंख्य हिंदू, देवळे, कीर्तने आणि मराठी पोथ्या टिकून राहिल्या. मतपेट्यांत पुढे जी रेघ उमटली, ती सुमारे दोनशे वर्षे जुनी होती.

४/ पण या दोन्ही प्रदेशांना छेदणारी आणखी एक रेघ होती, ती जमिनीची. गोव्यातील जमीनदाराला ‘भाटकार’ म्हणतात. त्याच्या माडांच्या बागायतीत घर बांधून राहणारा तो ‘मुंडकार’, आणि त्याचे शेत खंडाने कसणारे ते ‘कूळ’. गावाची सामाईक जमीन ‘कोमुनिदाद’ या संस्थेकडे असे. ती लिलावाने कसायला दिली जाई आणि उत्पन्नातील वाटा, म्हणजे ‘जोण’, गावकार घराण्यांत वाटला जाई. शेतात घाम गाळणाऱ्या अनेकांचा त्या वाट्यावर काडीचाही हक्क नव्हता.

५/ मुंडकाराची अवस्था आजच्या वाचकाने नीट समजून घ्यावी. घर त्याचे, पण त्याखालची जमीन भाटकाराची. छपराची कौले बदलायची, भिंत वाढवायची, विहिरीचे पाणी घ्यायचे, तर परवानगी भाटकाराची. बागेची राखण करायची, हाक आली की कामाला जायचे आणि मान खाली ठेवायची. भाटकाराची मर्जी फिरली, तर पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडायची पाळी. भाटकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. मुंडकारही हिंदू होते आणि ख्रिस्तीही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. साऱ्या कथेची गाठ तेथेच आहे.

६/ अशा समाजात १९११ साली पेडण्यात बांदोडकरांचा जन्म झाला. ज्या समाजातील स्त्रियांवर देवळांच्या सेवेच्या नावाखाली कलावंतिणीचे जिणे लादले गेले होते आणि ज्याने विसाव्या शतकात ‘गोमंतक मराठा समाज’ म्हणून स्वतःची नवी ओळख घडवली, त्या समाजातील हा मुलगा. पुढे खाणींच्या धंद्यात तो श्रीमंत झाला. हातात पैसा आला, दानशूर म्हणून नाव झाले. जुन्या समाजरचनेने मात्र ज्याला दारातल्या पायरीवर उभे केले असते, असा हा धनवान होता. त्याच्या राजकारणातील जिद्द त्या पायरीपासून सुरू होते.

७/ १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली. दोन वर्षांनी, ९ डिसेंबर १९६३ रोजी, गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या ३० जागांसाठी पहिली निवडणूक झाली. मुक्तिलढ्याचा वारसा सांगणारी आणि दिल्लीत सत्तेवर असलेली काँग्रेस सहज जिंकेल, असा शहाण्यांचा होरा होता. प्रत्यक्षात गोव्यातील २८ पैकी एकही जागा तिला मिळाली नाही. तिचा एकमेव विजय दमणमध्ये झाला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याचा मित्र प्रजा समाजवादी पक्ष यांनी मिळून १६ जागा घेतल्या. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पार्टीला १२ मिळाल्या.

८/ प्रतिष्ठितांना हा निकाल कळेना, कारण त्यांच्या लेखी राजकारण म्हणजे पणजी आणि मडगावच्या दिवाणखान्यांतील चर्चा. ज्याला कधी मतच नव्हते, त्या माणसाने पहिल्याच संधीला आपले मत कोणत्याही भाटकाराला न विचारता टाकले होते. २० डिसेंबर १९६३ रोजी बांदोडकर मुख्यमंत्री झाले. कुळांच्या आणि मुंडकारांच्या वस्तीतून पाहिले तर पोर्तुगीज गेल्यानंतरची दुसरी मुक्ती त्या दिवशी झाली.

९/ मग विलीनीकरण कशासाठी? ‘मराठी मातृभाषा म्हणून’ हे उत्तर तोकडे आहे. नव्या काबिजादीतील माणूस घरात कोकणीच बोलत होता. मराठी ही त्याच्या पोथीची, भजनाची, नाटकाची, हिशेबाची आणि शाळेची भाषा होती. शिकायचे म्हणजे मराठीतून, हे त्याला पिढ्यांनी शिकवले होते. पोर्तुगीज ही सत्तेची भाषा. ती त्याच्या वाट्याला आली नाही. ज्ञानाकडे जाणारा जो एक दरवाजा त्याला ठाऊक होता, त्यावर मराठी अक्षरे होती.

१०/ दुसरे कारण जमिनीचे. सीमेपलीकडे मुंबई राज्यात १९४८ चा कूळ कायदा झाला होता. त्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पेडण्याच्या शेतकऱ्याचे सोयरे सावंतवाडीच्या बाजूला होते. तेथे काय चालले आहे, हे त्याला वर्तमानपत्रावाचून कळत होते. शिवाय १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाला होता आणि त्याच्या प्रमुखपदी यशवंतराव चव्हाण यांच्यासारखा बहुजन शेतकऱ्याच्या घरातला माणूस बसला होता. पेडण्याहून पाहता महाराष्ट्र म्हणजे ‘जेथे आपल्यासारख्यांचे राज्य आहे तो प्रदेश’.

११/ म्हणजे बांदोडकरांच्या मतदारासाठी विलीनीकरण हे साधन होते. साध्य वेगळे होते : डोक्यावरचे छप्पर, कसत असलेली जमीन, मुलांची शाळा आणि भाटकारासमोर ताठ मान. बांदोडकरांची थोरवी अशी की हे साध्य त्यांनी गोव्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आणले. त्यांची चूक अशी की साधनालाच त्यांनी साध्याच्या गादीवर बसवले. या चुकीची किंमत त्यांच्यापेक्षा कुळांनी आणि मुंडकारांनी अधिक मोजली.

१२/ आधी थोरवी. बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या. ज्या वाड्यांवर अक्षर पोहोचले नव्हते, तेथे सरकारी मास्तर पोहोचला. गोव्यातील एका अख्ख्या पिढीच्या चरित्रात ‘भाऊंच्या शाळेत शिकलो’ हे वाक्य येते, ते उगाच नाही. १९६४ साली गोवा, दमण व दीव कृषी कूळ कायदा झाला. त्याने कुळाला बेदखलीपासून संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. शेकडो वर्षांच्या व्यवस्थेला निवडून आलेल्या विधानसभेने लावलेला हा पहिला सुरुंग होता.

१३/ आता चूक. २२ जानेवारी १९६५ रोजी गोव्याच्या विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव केला. गोव्याचे वेगळेपण जपले जाईल, असे आश्वासन नेहरूंनी दिले होते. त्यामुळे दिल्ली पेचात पडली. इतका मोठा निर्णय आमदारांच्या बहुमताने होऊ नये, थेट लोकांना विचारावे, ही जॅक सिक्वेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मागणी होती. गोव्यातील काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर हेही विलीनीकरणाविरुद्ध दिल्लीत खटपट करत होते. अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाने विलीन व्हावे की वेगळे राहावे, यावर असा कौल क्वचितच घेतला गेला आहे.

१४/ ‘गोवा विकायला निघालेला’ ही कथा येथेच कोसळते. मतदान निःपक्ष व्हावे म्हणून मगो सरकारने पायउतार व्हावे, अशी विरोधकांची मागणी होती. विधानसभेत बहुमत असलेल्या बांदोडकरांनी ती मान्य केली आणि डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. निकाल विरुद्ध गेला, तो त्यांनी स्वीकारला. कारस्थान करणारा माणूस आपले शस्त्र खाली ठेवून प्रतिपक्षाने आखलेल्या रिंगणात उतरत नाही. त्यांच्या मागणीला चूक म्हणता येईल. त्या मागणीची पद्धत निखळ लोकशाहीची होती.

१५/ प्रचार तुफान झाला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल. केंद्रशासित प्रदेशाचे चिन्ह दोन पाने. ‘गोमन्तक’ दैनिक आणि त्याचे संपादक बा. द. सातोस्कर फुलाच्या बाजूने. समोर ‘राष्ट्रमत’ दैनिक. त्यात उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. आणि येथे एक गोष्ट दोन्ही बाजूंचे आजचे अनुयायी सोयीस्करपणे विसरतात : ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होते. विलीनीकरणाविरुद्धचा एक धारदार युक्तिवाद मराठीतून, मराठी वाचणाऱ्या हिंदू वाचकासाठी लिहिला गेला. उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगाव घुमली, तीही त्याच वेळी.

१६/ निकालाचे आकडे पाठ असावेत असेच आहेत. एकूण मतदार ३,८८,४३२. मतदान ३,१७,६३३, म्हणजे जवळपास ८२ टक्के. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१; विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. टक्केवारीत ५४.२ विरुद्ध ४३.५. हा निसटता निकाल नव्हता. पण एखाद्या पक्षाचे अस्तित्व पुसून टाकणारा दणकाही नव्हता. दहापैकी चाराहून अधिक मतदारांनी फुलावर शिक्का मारला होता.

१७/ आता ‘चर्चने हरवले’ ही दुसरी कथा. त्या काळी गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण दोन पंचमांशांपेक्षा कमी होते. प्रत्येक ख्रिस्ती मतदाराने दोन पानांवर शिक्का मारला असे गृहीत धरले, तरी ५४ टक्क्यांचे गणित जुळत नाही. हिंदू मतदारांचा मोठा गट विलीनीकरणाविरुद्ध गेला, हे मान्य केल्यावाचून हा निकाल समजत नाही. जो हे नाकारतो, तो हजारो हिंदू गोमंतकीयांचे स्वतःचे मत त्यांच्याकडून हिरावून घेतो आणि ते कुठल्याशा पाद्र्याच्या खात्यावर जमा करतो.

१८/ उलटही तितकेच खरे. विलीनीकरणाचे सारेच समर्थक हिंदू नव्हते. गोवा मुक्तिलढ्यातील ख्रिस्ती समाजवादी नेते पीटर अल्वारिस विलीनीकरणवादी होते आणि १९६३ साली पणजीतून लोकसभेवर निवडून गेले होते. ब्राह्मणांतही मराठीवादी आणि कोकणीवादी अशी उभी फूट होती. ‘बहुजन विरुद्ध ब्राह्मण’, ‘हिंदू विरुद्ध ख्रिस्ती’, ‘मराठी विरुद्ध कोकणी’ या तीन रेघा कोठेही एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. त्या बसतात असे सांगणारा प्रत्येक जण वाचकाची दिशाभूल करतो.

१९/ मग बांदोडकर का हरले? हार ओढवून घेण्यात त्यांच्या बाजूचाही वाटा होता. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी साचली होती. ‘अजून विलीन झालो नाही तर हे, झाल्यावर काय?’ असा प्रश्न नोकरीच्या शोधातील तरुण विचारू लागला. कोकणी ही मराठीची बोली आहे, असे विलीनीकरणवादी सतत सांगत राहिले. भाषाशास्त्राचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. पण आईच्या तोंडची भाषा दुय्यम आहे, असे ज्याला रोज ऐकवले जाते, तो माणूस मत मागणाऱ्याला दारात उभे करत नाही.

२०/ सर्वांत मोठे कारण मात्र मुंडकाराच्या घरात सापडते. पाचव्या भागातील वाक्य आठवावे : मुंडकार हिंदूही होते आणि ख्रिस्तीही. सासष्टीतील ख्रिस्ती मुंडकाराचे दुःख पेडण्यातील हिंदू कुळाच्या दुःखापेक्षा वेगळे नव्हते. तोही भाटकाराच्या मर्जीवर जगत होता. बांदोडकरांचा कूळ कायदा त्याच्याही शेताला लागू होता. न्यायाने पाहता हा माणूस बांदोडकरांचा मतदार असायला हवा होता. तो त्यांना मिळाला नाही, कारण कायद्यासोबत त्याच्या हातात एक नकाशा ठेवला गेला आणि त्या नकाशात त्याचे गाव एका प्रचंड राज्याच्या टोकावरचा ठिपका झाले होते.

२१/ सहा लाख वस्तीचा प्रदेश काही कोटींच्या राज्यात विरघळणार, या कल्पनेने त्याला आपली भाषा, आपले चर्च, आपला गाव निसटताना दिसला. जमीन की ओळख, अशी निवड त्याच्यापुढे उभी राहिली आणि त्याने ओळख निवडली. अशा वेळी बहुतेक माणसे तेच निवडतात. परिणाम असा की ख्रिस्ती भाटकार आणि ख्रिस्ती मुंडकार एकाच चिन्हाखाली उभे राहिले. ज्या जोखडाविरुद्ध मगोचा जन्म झाला होता, त्याच जोखडाला विलीनीकरणाच्या घोषणेने नवे कवच मिळवून दिले. बांदोडकरांवर खरा आरोप ठेवायचा असेल तर तो हा आहे. ‘देशद्रोही’, ‘दलाल’ या शिव्या त्याच्यापुढे पोरकट वाटतात.

२२/ आता त्या ७१ दिवसांकडे. मार्च १९६७ च्या निवडणुकीत मगोला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२, अपक्षांना २. काही जण यावरून असा निष्कर्ष काढतात की दोन पानांवर शिक्का मारणाऱ्यांनीच ‘भाऊ हवेत, विलीनीकरण नको’ म्हणून मगोला निवडले. हा दावा आकडे सिद्ध करत नाहीत. जो पुढे तो जिंकला, या पद्धतीत नव्या काबिजादीत एकवटलेली ४३ टक्क्यांच्या आसपासची मतेही बहुमताला पुरतात. आवडत्या नेत्याच्या बाजूचा असला, तरी कच्चा युक्तिवाद कच्चाच.

२३/ आकडे जे सिद्ध करतात ते याहून महत्त्वाचे आहे. विलीनीकरण हाच मगोचा प्राण असता, तर जनमत कौलानंतर तो पक्ष विस्कटायला हवा होता. संकल्प मेला, मतदार राहिला. १९७२ साली, विलीनीकरण हा प्रश्न जिवंत नसताना, मगोच्या जागा १८ झाल्या. फुलावर शिक्का मारणारा माणूस फुलासाठी आला नव्हता, हे त्याने स्वतःच्या मताने सांगितले. तो शाळेसाठी, शेतासाठी आणि मान वर करून चालण्यासाठी आला होता. हे त्याच्या नेत्याला १९६३ सालीच उमगले असते, तर सासष्टीचे दार कदाचित इतके घट्ट बंद झाले नसते.

२४/ बांदोडकरांना देवघरात बसवणाऱ्यांनाही दोन गोष्टी ऐकाव्या लागतील. पहिली : १९६४ च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले, मालकी दिली नाही. सीमेपलीकडे ‘कृषक दिन’ १९५७ साली आला. बांदोडकर सत्तेवर असेपर्यंत, म्हणजे जवळपास दहा वर्षे, गोव्यात तो आला नाही. ज्या महाराष्ट्राचा आदर्श सांगितला गेला, त्या महाराष्ट्रातील सर्वांत मोलाची गोष्ट विलीनीकरणावाचूनही आणता आली असती. तसा कायदा गोव्याच्याच विधानसभेने पुढे केला, हा त्याचा पुरावा.

२५/ दुसरी : मुख्यमंत्री स्वतः खाणमालक होते. लोहखनिजाच्या खाणी पोर्तुगीज काळात दिलेल्या सवलतींवर चालत होत्या आणि त्या सवलतींचे रूपांतर भाडेपट्ट्यांत करणारा कायदा संसदेने थेट १९८७ साली केला. खनिज हा विषय बराचसा दिल्लीच्या अखत्यारीतला, हे मान्य. तरीही भाटकाराच्या माडांपर्यंत पोहोचलेली समतेची भाषा खाणीच्या तोंडाशी येऊन मुकी झाली, हे नोंदवावेच लागते. कारभाराची पद्धतही एकहाती होती. १९७० साली त्यांच्याच पक्षातील आमदारांच्या एका गटाने बंड केले, ते आभाळातून पडले नव्हते.

२६/ १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच बांदोडकरांचे निधन झाले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. वडिलांनी अर्धे सोडलेले काम त्यांच्या कारकिर्दीत पुढे गेले. १९७५ साली मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. १९७६ साली कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा गोव्याचा ‘कृषक दिन’ ठरवला आणि कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. १९६७ मध्ये फूल हरले होते. पण फुलामागे जे मागणे होते, ते नऊ वर्षांनी पणजीतच, गोव्याच्या स्वतःच्या विधानसभेत, कायदा होऊन आले.

२७/ भाषेचा हिशेबही पूर्ण करू. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक मंजूर केले : देवनागरीतील कोकणी राजभाषा, आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. १९९२ साली कोकणी आठव्या अनुसूचीत आली. यांपैकी कशामुळेही गोव्यातील मराठी वर्तमानपत्रे बंद पडली नाहीत, मराठी नाटके थांबली नाहीत, दशावतार उठला नाही. विलीनीकरणावाचून मराठी मरेल, ही भीती इतिहासाने खोटी ठरवली आहे.

२८/ म्हणून महाराष्ट्रातील तरुण वाचकाने ‘आपला गोवा गेला’ असा उसासा टाकण्यापूर्वी विचार करावा. गोवा कोणाच्या हातून गेला नाही. तेथील लोकांनी मत दिले आणि राहिले. ज्या बांदोडकरांच्या नावाने हा उसासा टाकला जातो, त्यांनी स्वतः तो कौल मानून पुढची सहा वर्षे गोव्याचा कारभार केला. त्यांच्या अनुयायाने त्यांच्याहून अधिक महाराष्ट्रवादी होण्याचे कारण नाही.

२९/ आणि गोव्यातील तरुण वाचकाने १६ जानेवारीला ‘अस्मिताय दीस’ जरूर साजरा करावा. जॅक सिक्वेरा यांना त्यांचे श्रेय द्यावे, ते रास्त आहे. पण त्या उत्सवात १,३८,१७० मते ‘फितुरांची’ म्हणून मोजू नयेत. ती गोव्याच्याच मातीतल्या कुळांची, मुंडकारांची, देवळाच्या पायरीवर थांबवलेल्यांची मते होती. त्यांनी मागितलेला मार्ग गोव्याने नाकारला. त्यांचे गाऱ्हाणे नाकारण्याचा अधिकार त्या कौलाने कोणाला दिलेला नाही.

३०/ मिरामारच्या किनाऱ्यावर बांदोडकरांची समाधी आहे. दरवर्षी तेथे फुले वाहिली जातात, भाषणे होतात, आणि भाषणांत पुन्हा तोच वाद रंगतो : ते गोव्याचे की महाराष्ट्राचे? दुसरीकडे, कूळ आणि मुंडकार यांची प्रकरणे मामलेदार कचेऱ्यांत दशकानुदशके रेंगाळली. अर्ज करणारा गेला, त्याचा मुलगा तारखा घालत राहिला, नातू कागद घेऊन रांगेत उभा राहिला. त्या रांगेत पेडण्याचा हिंदू आणि सासष्टीचा ख्रिस्ती एकामागोमाग उभे असतात. १९६७ साली त्यांना वेगवेगळ्या चिन्हांखाली उभे केले गेले होते. बांदोडकरांचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याची सुरुवात या रांगेपासून करावी.

(धागा समाप्त)